केरूबाईचा बोलता बांबू

पळसझरीच्या ओढ्याला बारमाही पाणी असायचं आणि काठावरच्या बांबूच्या बेटात भर दुपारीसुद्धा सावली निळी दिसायची, त्या काळातली ही गोष्ट.

गावात केरूबाई नावाची सुतारीण होती. बापाचे हात थकले तेव्हा तिनं त्याचं वाकस उचललं आणि लाकूड तासायला बसली. बाईमाणसानं नांगर करू नये, असं म्हणणारे होते. पण तिनं केलेला नांगर मातीत असा अलगद शिरायचा, की ते हळूहळू बोलायचे थांबले. असं म्हणतात, फांदी तोडायच्या आधी ती खोडाला कान लावून उभी राहायची, आणि आपलं काय व्हायचंय ते झाडच तिला सांगायचं.

त्याच गावात रायाजी नावाचा शेतकरी होता. पेरणीत त्याची बरोबरी करणारा पंचक्रोशीत नव्हता. डाव्या हातात बैलांचा कासरा, उजव्या मुठीतून पेरायच्या तिफणीच्या चाड्यात, वरच्या वाडग्यात, बी. त्याच्या रानातली तासं, पेरणीच्या त्या सरळ ओळी, पाहून वाटायचं, जमिनीची कुणी वेणीफणी केली आहे. मग एका साली गावात देवीची साथ आली. रायाजी जगला, पण त्याचे दोन्ही डोळे गेले.

तो घराच्या मागच्या भिंतीला टेकून बसायला लागला. गोठ्यात बैल हंबरले की तोंड फिरवायचा. भाऊबंद मायेनंच म्हणाले, बैल विकून टाक, रान आम्ही कसू, तुम्हा दोघांना भाकरी देऊ. रायाजीनं होकाराची मान हलवली. बैल बाजारला न्यायचं ठरलं, तेव्हा त्याची बायको बनाबाई केरूबाईच्या दारात गेली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "आक्का, भाकरी मिळंल. पण माणूस हाती लागायचा नाही."

केरूबाई आली आणि रायाजीजवळ बसली. काय गेलं ते तिनं विचारलंच नाही. काय उरलंय ते विचारलं. त्यानं उजवी मूठ उघडली, मिटली. मग म्हणाला, "मूठ आहे. बी किती सुटलं ते बोटांना कळतं. बैल माझा आवाज ओळखतात. पण मागचं तास कुठं पडलंय ते दिसत नाही, आक्का. तिथंच सगळं अडतं."

केरूबाईनं भाऊबंदांना सांगितलं, शाळूची पेरणी होईपर्यंत बैल राहू द्या. त्यांनी ते ऐकलं.

आधी तिनं या बांधापासून त्या बांधापर्यंत दोर ताणला. दोराला धरून रायाजीनं चालावं, असा तिचा बेत होता. पण दोर बैलांच्या पायांत आला, बैल बुजले आणि रायाजी ढेकळांत तोंडघशी पडला. बांधावर माणसं उभी होती. कुणी हसलं नाही, पण त्याला ते न हसणंही ऐकू आलं. पडल्या जागीच तो म्हणाला, "पुरे आता. मला घरी न्या."

त्या दिवसापासून केरूबाईनं डोळ्यांवर फडकं बांधलं, हातात काठी घेतली आणि ती त्याच रानात चालायला लागली. पडायची, उठायची, पुन्हा चालायची. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. पण चालता चालता तिच्यापुढचा अंधार पातळ होत गेला आणि रान तिच्याशी बोलायला लागलं. बांधाजवळची माती जड बोलायची, ओढ्याकडची ओलसर. ओढलेल्या तासातून काठी नेली की ती कुजबुजायची. तास सोडून ढेकळांवर गेली की खडखडायची. केरूबाई तिथंच बसली, आणि असं म्हणतात, त्या वेळी डोळ्यांवरचं फडकं भिजलं.

मग तिनं बेटातून एक लांब, हलका बांबू आणला. तिफणीला तो आडवा बांधला, आणि त्याच्या टोकाला खाली लोंबणारा एक पोकळ लाकडी खुळखुळा बसवला. तिफण चालली की खुळखुळा शेजारी आधी ओढलेल्या मागच्या तासातून घसटत यायचा. तासात असला की हळू बोलायचा, तास सुटलं की ओरडायचा. रायाजीनं तो कानाशी हलवून पाहिला आणि पुन्हा रानात यायला तयार झाला.

पण पहिल्या तासाला मागचं तास कुठलं? तेव्हा बनाबाई पलीकडच्या बांधावर जाऊन उभी राहिली आणि जात्यावरच्या ओव्या म्हणायला लागली. रायाजीनं मूठ भरली, बैलांना हाक दिली आणि तिच्या आवाजाकडे तोंड करून निघाला.

असं म्हणतात, तेव्हा वारा पडला. पाखरांनी चोची मिटल्या. ओढासुद्धा दगडांवरून पाय न वाजवता चालला. पहिलं तास बनाबाईच्या पावलांशी येऊन थांबलं. रायाजीनं खाली बसून ते हातानं चाचपलं. "सरळ आलंय का?" त्यानं विचारलं. बनाबाईनं त्याचा हात धरून आपल्या ओल्या गालावर ठेवला. मग त्यानं बैल वळवले, आणि पुढची सगळी तासं बांबूनं सांगितली.

शाळू उगवला तेव्हा पांढरे बगळे त्या ओळींतून चालायचे, पण एकानंही कधी ओळ मोडली नाही, असं म्हणतात. भाऊबंदांनी बैलांच्या विक्रीचं नाव पुन्हा काढलं नाही.

मग लांबलांबून माणसं यायला लागली. हाताचा पंजा तुटलेला एक कापणीवाला आला, त्याला तिनं मनगटावर बसणारा विळा दिला. कंबर मोडलेली बाई आली, तिला निंदणीसाठी सरकता पाट दिला. एकासारखं दुसरं तिनं कधी केलं नाही, कारण एकासारखं दुसरं माणूस तिला भेटलंच नाही.

केरूबाई गेली कशी, यावर गावाचं एकमत नाही. कुणी म्हणतं, तापानं गेली, उशाशी बनाबाई होती. कुणी म्हणतं, ती बांबू आणायला बेटात शिरली, निळ्या सावलीत दिसेनाशी झाली, आणि नुसता वाकसाचा आवाज येत राहिला.

पळसझरीत आजही झाड पडलं की त्याची एक चांगली फांदी बाजूला काढून गावच्या ढिगात ठेवतात. तिला केरूबाईचा वाटा म्हणतात. चूल विझली तरी ती जाळत नाहीत. आता त्या ढिगात जुन्या सायकलींची चाकं असतात, लोखंडी पाइप असतात, कुणाच्या मोडक्या मोटरसायकलचे ब्रेक असतात. ज्याला लागेल त्याच्यासाठी त्यातून काहीतरी घडतं. गेल्या हंगामात शेवंताला चाकांची बसकी गाडी मिळाली. लहानपणी पोलिओनं तिचे पाय गेले होते. आता ती मिरचीच्या सरींतून गाडी रेटत सगळ्यांबरोबर तोडणी करते.

ही गाडी कुणी केली, म्हणून विचारलं तर गावात कुणीच आपलं नाव सांगत नाही. केरूबाईनं केली, म्हणतात.