वेलमातेच्या लाल दोऱ्याची कहाणी

ऐक वेलमाते, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं. नगर कसलं, तेरा उंबरे आणि एक विहीर. तिथं एक माळी होता. त्याची बायको येसू, आई भागाई. भागाईचे दात गेलेले, अंथरुणाला खिळलेली. मऊ दुधीखेरीज तिला काही चावेना. दारी दुधीचा एकच वेल. पण दुधी एवढा लांब, की देठाशी सकाळ असली तर शेंड्याला दुपार व्हायची. खोटं वाटत असेल तर माळ्याला विचारा.

मग एके दिवशी वेलमाता म्हातारीच्या रूपानं दारी आली. "येसू, येसू, वसा घे." "कसला वसा?" "पहिल्या दुधीला लाल दोरा बांधावा. तो बियाण्याचा. वाळून आत बिया वाजेपर्यंत त्याला हात लावू नये. बाकीचे खावे, खाऊ घालावे. उद्याचं आज खाऊ नये, आजचं उद्यावर टाकू नये. उतू नये, मातू नये."

येसूनं दोरा बांधला. मग नणंद आली. वेलावर तोच तेवढा मोठा. येसूनं दोरा सोडला, दुधी चिरला, दोरा दुसऱ्याला बांधला. मग व्याही आले, दोरा तिसऱ्याला. मग गौरी आल्या, दोरा चौथ्याला. "वेल काय पळून जातोय?" येसू म्हणे. पळाला नाही, वाळला. चौथा कोवळाच गळाला, दोरा काडीला राहिला. घरात बी एकही नाही. भागाईनं पेजेवर वर्ष काढलं.

मग येसू तेरा उंबरे फिरली, तेराव्या उंबऱ्यावर एक बी मिळालं. ते लावलं, वेल चढला. आता तिनं काय केलं? भ्यायलेली बाई, प्रत्येक दुधीला दोरा बांधला!

भागाई म्हणाली, "येसू, फोडभर दुधी शिजव गं." "सासूबाई, तो बियाण्याचा." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "शेंड्याकडचा तरी दे." "तोही बियाण्याचा." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नुसतं दुधीचं पाणी दे." "सासूबाई, पंधरवडाभर थांबा की!" भागाई हसली. "पंधरवडा तुझ्याजवळ आहे गं. माझ्याजवळ नाही." चौथ्या दिवशी भागाईनं काही मागितलं नाही.

दहाव्याला माळ्यानं पिंड ठेवला. कावळा शिवेना. शेजारणी म्हणाल्या, "जीव दुधीत अडकलाय गं, शिजवून आण." येसू धावली. वेलावर एकशे एक दुधी, सगळे वाळलेले, खुळखुळ्यासारखे वाजताहेत. विळी चालेना. येसू रडली, "वेलमाते, सासूबाईंना उठव!" वेलमाता म्हणाली, "बी दे, वेल उठवीन. माणसाचं बी मी कुठून आणू?" दुसऱ्या कहाण्यांत मेलेली माणसं तीर्थ शिंपडलं की उठतात. ही उठली नाही. दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी घरी आली.

पुढल्या पावसाळ्यात येसूनं बी लावलं. वेल तेरा उंबऱ्यांवर चढला, विहिरीला वळसा घालून आला. पहिल्या दुधीला तिनं दोरा बांधला. दुसरा कोवळा चिरला, मऊ शिजवला, ताटली घेऊन सवयीनं आतल्या खोलीत गेली. अंथरूण गुंडाळून ठेवलेलं. येसू तशीच उभी राहिली. भाजी हातात गार झाली.

येसूला शहाणपण उशिरा आलं, तुम्हांआम्हां वेळेवर येवो. पेरायला बी असो, वाढायला माणूस असो. ही साठां बियांची कहाणी एका बीमध्ये सुफळ संपूर्ण.