पेवात सोडलेला दिवा

एका राज्यात राजा होता उदयभान. त्याचा भांडारी होता कालजंघ, चेटूकविद्येत पुरा मुरलेला. आणि राजाच्या पेवांवर राबणारा होता शिदू, त्याची बायको ठकू, लेक बायजा आणि पाळण्यातला तान्हा.

पेवं म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठारं. सुगीला घराघरातून पाटी पाटी धान्य तिथं पडायचं, दुष्काळात ते सगळ्यांनी खायचं, अशी वाडवडलांची रीत. पेवाचं तोंड उघडलं की आधी दोरीनं दिवा सोडायचा. पेव भरलेलं असलं तर दाण्याच्या कोंडलेल्या श्वासानं दिवा विझायचा. दिवा विझला की लोक हरखायचे, म्हणायचे, यंदा पोटाला आहे. कालजंघानं ती रीत मोडली. राजाच्या दारी दिवा विझणं अपशकुन, म्हणाला. राजाला पटलं. राजांना असलं लवकर पटतं.

मग कालजंघ भुयारातून धान्य नदीपार नेऊ लागला, त्याचं सोनं करून तिकडंच पुरू लागला. पेवाच्या तळाशी भुसा टाकायचा, वर मायेचा, नुसता दिसणारा दाणा पसरायचा. वाकून बघावं तर पिवळंधमक. पेवांवरच्या माणसांना सारं ठाऊक. पण कामाला लागताना बाईनं, बाप्यानं, ठकूनंही, सगळ्यांनी राजाच्या नावाचं मीठ चाटलेलं, आणि त्या मिठावर कालजंघाचा मंत्र: आतलं बाहेर सांगेल तो पाखरू होईल.

पाऊस रुसला. दुष्काळ पडला. शिदूला राहवलं नाही. तो राजवाड्याकडं निघाला. देवडीवरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, काय काम. शिदू म्हणाला, "पेवं रिकामी..." तेवढ्यात पागोटं खाली पडलं आणि त्यातून पारव्यासारखा होला उडाला. पहारेकरी कालजंघाचाच माणूस. दुसऱ्या दिवशी दवंडी फिरली की शिदू धान्य चोरून पळाला. पाणवठ्यावर बाया ठकूला वाट देईनात. चोराची बायको, म्हणत.

होला ठकूच्या छपरावर येऊन बसायचा. बायजा तळहातावर दाणा धरायची, तो अलगद टिपायचा. ठकू पदराआड डोळे पुसायची. मग तो होला राजाच्या खिडकीत गेला आणि माणसाच्या वाणीनं सगळं बोलला. राजानं ऐकलं.

"पाखराची साक्ष राज्यात चालत नाही. मीठ खाल्लेली तीन माणसं माझ्यापुढं उभी कर."

होल्यानं निरोप आणला. ठकू निघाली. आतलं काही बोलायचं नाही, नुसतं म्हणायचं, राजापुढं चला.

पहिलं दार पेवांवरच्याच म्हातार्‍या मालूचं. "पोरी, आईबापावेगळी दोन नातवंडं आहेत मला," तो म्हणाला. "चोचीनं त्यांना भाकर कशी भरवू?"

दुसरं दार हंसाईचं. तिच्या लेकीचं लग्न ठरलेलं. "व्याही आधीच नाकं मुरडतायत ठके. पाखराची पोर कोण करून घेईल?"

तिसरं दार भिवबाचं. तो आत गेला, ओंजळभर जोंधळे तिच्या पदरात घातले आणि दार लावून घेतलं.

ठकूनं कोणाला बोल लावला नाही. ती तरी कुठं बोलत होती. ती पाखरू झाली असती तर बायजाला आणि तान्ह्याला कोण होतं?

ते जोंधळे सरले. ठकूच्या अंगावर दूध उरलं नाही. तान्हा गेला.

वेशीबाहेर मूठमूठ माती पडली. मालू आला होता, हंसाई आली होती, भिवबाही. तिघं खाली मान घालून उभी. होला आला. त्याला लेकराला मूठमाती देता येईना. चोचीतला एक दाणा त्यानं त्या मातीवर ठेवला आणि तिथंच बसून राहिला. तिघांनी ते पाहिलं.

मग लोक उपाशी मरू लागले, तेव्हा राजा पेवांवर आला. झाकण सरलं. राजानं वाकून पाहिलं, पिवळंधमक. कालजंघ म्हणाला, सणानंतर वाटू. तोवर सोनं घेऊन निघून जायचा त्याचा बेत. राजा परत फिरणार, तोच ठकू पुढं आली. घरच्या आढ्याला टांगलेला जुना दिवा तिनं आणला होता. तोंडातून शब्द नाही. दिवा लावला, दोरीनं खाली सोडला.

मायेच्या दाण्यातून दिवा खाली गेला आणि तेवतच राहिला.

"महाराज, शकुन पाहा," कालजंघ हसून म्हणाला. "कसा तेवतोय."

जमलेल्या म्हातार्‍यांनी पदर तोंडात धरले. राजा म्हणाला, "शकुन झाला, मग रडता का?" भांडाऱ्यापुढं बोलायचं कोणी?

मालूनं दोन्ही नातवंडांची बोटं ठकूच्या हातात दिली. "महाराज, दिवा तेवतोय कारण खाली दाणा नाही," म्हणाला, आणि होला होऊन उडाला. हंसाई पुढं आली. "दाणा भुयारातून नदीपार गेला," म्हणाली, आणि उडाली. भिवबा जन्मात फारसा बोलला नव्हता. त्यानं कालजंघाकडं बोट केलं. "यानं नेला." तोही उडाला.

तीन साक्षी झाल्या. राजानं मुकुट काढून ठेवला आणि स्वतः दोरीला धरून पेवात उतरला. मूठ भरली, तर भुसा. वर आला तेव्हा अंगभर भुसाच होता.

"मीठ माझ्या नावाचं," राजा सगळ्यांदेखत बोलला. "पेवं रिकामी आहेत, आणि मी आजवर खाली उतरलो नाही."

ज्याच्या नावाचं मीठ, त्याच्याच तोंडून सत्य निघालं. शाप तुटला. होले खाली उतरले आणि माणसं झाली. कालजंघ जागच्या जागी मिठाचा खडा झाला. गुरं त्याला चाटून गेली.

शिदू समोर उभा राहिला, तशी बायजानं सवयीनं तळहात पुढं केला. वर एकच दाणा. शिदू गुडघ्यांवर बसला, वाकला आणि लेकीच्या हातावरचा दाणा ओठांनी टिपला.

पुरलेलं सोनं निघालं, धान्याच्या गाड्या नदी ओलांडून आल्या. हंसाईच्या लेकीचं लग्न ठरल्या घरीच झालं. राजानं शिदूला भांडारी केलं. मीठ चाटवणं बंद झालं, दिवा सोडायची रीत परत आली, तीही सगळ्यांसमोर. पुढल्या सुगीला दिवा विझला तेव्हा सारे हरखले. ठकू तेवढी वातीच्या धुराकडं बघत राहिली.

तिच्या घरी पाळणा पुन्हा हलला. कणग्या भरल्या. तरी दर सालचा पहिला दाणा वेशीबाहेरच्या त्या मातीवर पडतो.

जसं ठकूचं घर भरलं, तसं तुमचं भरो. तुमचा दिवा पेवात विझो, उंबऱ्यात तेवो.