ढेकळ्या आणि महाराजांचा जामा

“राजद्रोह! धडधडीत राजद्रोह!” गंभीरराव महाराज भर चौकात ओरडत होते. ओरडतील नाही तर काय! देवळाच्या पायऱ्या चढता चढता एका तपकिरी कुत्र्यानं त्यांच्या जाम्याचा घोळ दातांत धरला होता आणि काही केल्या ते सोडत नव्हतं. महाराज वर ओढत होते, कुत्रं खाली ओढत होतं. अशी राजेशाही रस्सीखेच गावानं आजवर पाहिली नव्हती!

कुत्र्याचं नाव ढेकळ्या. सोनबा परटाच्या लेकीचं, तानीचं, ते लाडकं. तानी गर्दीतून धावत आली, ढेकळ्याच्या कानात काहीबाही पुटपुटली, तेव्हा कुठं जामा सुटला.

“महाराज, तो तुम्हाला नाही, जाम्याला धरत होता!” तानी हात जोडून म्हणाली. “राजवाड्याचे कपडे आम्ही नदीवर वाळत घालतो आणि हा राखण करतो. आम्हाला सोडून कुणी कपडा नेताना दिसला की धरायचं, एवढंच त्याला ठाऊक.”

“म्हणजे मी माझ्याच जाम्याचा चोर?”

“त्याच्या लेखी, हो!”

लोक फिसकन हसले. झालं! महाराजांचं नाक टोमॅटोसारखं लाल झालं.

“परवा याला दरबारात आण! राजा कोण हे त्यानं ओळखलं पाहिजे. माझ्यापुढं शेपूट हलवलं तर माफी. भुंकला, तर नदीपार हद्दपार!”

आता आली का पंचाईत! महाराजांचा एक कपडा असा नव्हता, जो ढेकळ्यानं राखला नव्हता. महाराज काहीही घालून येवोत, हा भुंकणारच.

“बरं झालं, जाऊ दे एकदाचा!” घरी सोनबा करवादला. “माझी वहाण खाल्ली. चिखलात लोळून प्रधानजींच्या धुतल्या धोतरावर ताणून दिली. आपण याला पाळलंय का यानं आपल्याला, तेच मला कळत नाही!” असं म्हणता म्हणता त्यानं आपल्या ताटातली भाकरी ढेकळ्यापुढं टाकली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. ढेकळ्या मात्र खुशाल! भाकरी संपवून सोनबाच्या कुशीत शिरला आणि त्याच्या बंडीत नाक खुपसून घोरायला लागला.

तानी बघत राहिली आणि एकदम ताडकन उठली.

“बाबा, ती बंडी काढा!”

“अगं, निदान धुऊन तरी...”

“धुवायची नाही! परटाची शपथ आहे!”

दुसऱ्या दिवशी ती राजवाड्यावर गेली. “महाराज, उद्या एक गंमत करू या का?”

गंमत म्हटल्यावर महाराजांचे कान टवकारले. माणूस हट्टी, पण गमतीला हपापलेला! तानीनं हळूच काय ते सांगितलं. महाराज आधी डोळे वटारून बघत राहिले, मग मिशीतल्या मिशीत हसले.

दरबाराचा दिवस उजाडला. तिथला रिवाज असा, की महाराजांची पालखी आली की सगळ्यांनी कमरेत वाकायचं आणि महाराज ‘बसा’ म्हणेपर्यंत मान वर करायची नाही. पालखी आली. सगळा दरबार वाकला. पडदा सरला आणि आत कोण? जरीचा जामा घातलेलं, डोक्यावर पगडी बांधलेलं, तानीच्या गाढवाचं शिंगरू!

“महाराजांचा विजय असो!” प्रधानजी फरशीकडं बघत म्हणाले. “अहाहा, काय आज चेहऱ्यावर तेज आहे!”

“हँ... को! हँ... को!” शिंगरू ओरडलं.

“वा! काय खणखणीत आवाज!” सेनापती म्हणाले. “अगदी थोरल्या महाराजांवर गेलाय!”

“ही माझ्या काढ्याची पुण्याई बरं का!” राजवैद्यांनी घाईघाईनं सांगितलं.

दाराशी मळकी बंडी घातलेला एक माणूस पोट धरून हसत होता. चोपदारानं खाली मानेनंच त्याला ढोसलं. “ए, दात काय काढतोस? हो मागं!” ते होते खुद्द महाराज!

तेवढ्यात तानीनं ढेकळ्याला सोडलं. ढेकळ्या तडक पालखीशी गेला, भुंकून भुंकून त्यानं दरबार डोक्यावर घेतला आणि जाम्याची बाही धरली. तानीनं हाक मारताच मागं वळला तो बंडीवाल्यापुढं! हुंगलं मात्र, आणि शेपूट काय, अख्खं कुत्रंच हलायला लागलं! दोन पायांवर उभं राहून त्यानं महाराजांचं तोंड मिशांसकट चाटून काढलं.

“महाराजांवर कुत्रं भुंकतंय! धरा त्याला!” प्रधानजी किंचाळले. अजून वाकलेलेच!

“प्रधानजी, मान वर करा आता,” बंडीवाला म्हणाला.

सगळ्यांनी माना वर केल्या. शिंगरू पगडीचा तुरा चघळत होतं.

महाराजांनी तोंड पुसलं. “पण पोरी, हे काही खरं नाही. त्यानं तुझ्या बापाच्या बंडीपुढं शेपूट हलवलं. मला कुठं ओळखलं?”

“नाहीच ओळखलं, महाराज! पण तुमच्या दरबारानं तरी कुठं ओळखलं? सगळे जाम्यालाच वाकले. जाम्यात कोण आहे, हे माझं कुत्रं निदान विचारतं तरी!”

महाराज इतके हसले, इतके हसले, की शेवटी त्यांनी फरशीवरच बसकण मारली. “हद्दपारी रद्द! आणि हे कुत्रं मला दे. माझ्या सिंहासनाशी बसेल!”

तानी ढेकळ्यापुढं आडवी आली. आणि जीभ कुठली थांबायला!

“नेताय तर न्या, महाराज! पण मग उद्यापासून तुमचे कपडे राखायला प्रधानजींना नदीवर पाठवा. आणि जमलंच तर त्याआधी त्यांना भुंकायला शिकवा!”

महाराजांच्या हसण्यानं आता पालखीतलं शिंगरूही बिचकलं. त्यांनी ढेकळ्याला आपल्या हातानं तानीच्या कडेवर दिलं, तिच्या पायांत चांदीचे तोडे घातले आणि नदीकाठची आमराई त्याच दरबारात सोनबाच्या नावे करून दिली.