पिठाची पिशवी

"माझं शिक्षण अडलंय त्यात दोष तुमचाच आहे, बुवा. आणखी कुणाचाही नाही. ती परण मला कधी देणार?" इंद्रजितनं मागून विचारलं.

दामोदरबुवा थांबले नाहीत. लिस्बनचा चढ, गुळगुळीत दगडी फरशी, तरी म्हातारा झपझप चालत होता.

इंद्रजितनं इंजिनिअरिंग लाथाडलं ते यांच्या पखवाजापायी. घरच्यांनी त्याचं नाव टाकलं. बुवांनी त्याला सगळं शिकवलं, फक्त घराण्याची ती एक परण, पखवाजाच्या बोलांची ती खास रचना, सोडून.

रीतच तशी होती. ती परण लिहून द्यायची नाही, रेकॉर्ड करू द्यायची नाही. गुरू आपल्या मर्जीनं एकदाच वाजवणार. शिष्याच्या कानात राहिली, तर त्याची. शेवटच्या 'धा'च्या आधी म्हणे तिच्यात एक श्वास रिकामा सोडलेला आहे. इंद्रजित एवढंच ऐकून होता.

रीत कसली, लपवाछपवी नुसती! म्हाताऱ्यांना मरेपर्यंत मुठीत काहीतरी लागतं. मूठ उघडली की त्यांना विचारतो कोण?

"मुलासाठी राखून ठेवलीय का? अमेरिकेतल्या?"

"त्याला तबला कुठला नि डग्गा कुठला ते कळत नाही रे."

"मग?"

"आधी पीठ घे."

संध्याकाळी कार्यक्रम होता. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही, आणि सोबत आणलेलं पीठ संपलं होतं. दुकान सापडलं. पीठ कापडी पिशवीत पडलं.

परतताना चौकात गर्दी दिसली. एक दाढीवाला बुटक्या स्टुलावर बसून रंगाच्या रिकाम्या बादल्या बडवत होता. बुवा घुसले पुढे, जत्रेत पोर घुसतं तसे. पिशवी त्यांनी मागं कारंज्याच्या कठड्याशी ठेवून दिली.

इंद्रजितच्या कपाळाला आठी पडली. कार्यक्रम ठेवणाऱ्या इथल्या मराठी मंडळाच्या साठेकाकांनी बजावलं होतं, "रस्त्यावरचे खेळ बघायला थांबू नका. एक वाजवतो, दुसरा खिसे साफ करतो." वडीलधाऱ्यांचा एकही उपदेश आजवर त्याच्या पचनी पडला नव्हता. हा मात्र पडला.

"बुवा, चला. टोळी असते यांची."

"हात बघ त्याचे."

"हातच बघायला लावतात. तोच तर डाव आहे."

"मनगट बघ रे, किती सैल आहे. तुझं का होत नाही तसं?"

हे झोंबलं. मनगटाकडं त्यानं मुद्दाम पाहिलं नाही. तो माणसं बघत राहिला. तो टोपीवाला जरा जास्तच टाळ्या पिटतोय. ती लाल स्कार्फवाली सारखी मागं का वळतेय?

... आणि लाल स्कार्फवाली पिशवीकडं वाकली.

इंद्रजित धावला. "ओ बाई! हात लावू नका! अवर बॅग!"

बाई तिच्या भाषेत काहीतरी बोलली. कारंज्याचं पाणी फरशीवर पसरत होतं, तिकडं तिनं बोट दाखवलं. पिशवीचा तळ भिजला होता.

असली नाटकं त्याला ठाऊक होती. त्यानं पिशवी उघडून पीठ तपासलं. कमरेचा पासपोर्ट चाचपला. बाईला मराठीत चार शब्द सुनावले, इंग्रजीत दोन. बाजूनं ट्राम घंटी बडवत गेली. मागं बादल्या वाजतच होत्या. वाजवा लेको, तुमचा डाव फसलाय, असं म्हणत तो बाईवर डोळे रोखून उभा राहिला. शेवटी ती हसली आणि निघून गेली.

मग टाळ्या झाल्या. चांगल्या, लांबलचक.

तो वळला.

दाढीवाला बाजूला उभा होता, छातीवर हात ठेवून. स्टुलावर दामोदरबुवा बसले होते. एक बादली उजवीकडं, एक डावीकडं. डोळे मिटलेले.

इंद्रजितची कानशिलं तापली. "बुवा! शोभतं का हे? संध्याकाळी तुमचा कार्यक्रम, आणि इथं भर चौकात बादल्या?"

बुवा गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"पिशवी आहे ना?"

"आहे. मी होतो म्हणून. ती बाई उचलणारच होती."

"बरं झालं."

दोघं चालू लागले. कोपऱ्यावर त्यानं पुन्हा धोशा लावला.

"आज तरी सांगा. परण कधी देणार?"

"दिली."

"काय? कधी?"

बुवांनी नुसती मान चौकाकडं वळवली. दाढीवाला पुन्हा स्टुलावर बसला होता. काहीतरी आठवून आठवून चाचपडत होता. तकिट गदिगन... अडखळला. पुन्हा. तकिट गदिगन... आणि मग एक श्वास रिकामा.

धा.

इंद्रजितनं बुवांची बाही धरली.

"इथं? या गोंगाटात? मुद्दाम केलंत तुम्ही!"

"मुद्दाम. मलाही माझ्या गुरूंकडून अशीच भर आठवडी बाजारात मिळाली होती."

"पुन्हा वाजवा. एकदाच. बुवा, पाया पडतो तुमच्या!"

तो खरंच वाकला. येणारेजाणारे बघायला लागले. एकानं फोन काढला.

बुवांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली. ओला तळ तळव्यावर तोलून पाहिला.

"पीठ वाचलं," ते म्हणाले. "परण गेली."