'लागला' म्हणणारी सून

"बाबा, वहिनीला रिंगणात उतरवू नका. तिला फटका बसला की ती सांगून टाकते!"

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावातल्या एका नावाजलेल्या खेळाडूंच्या घरात धाकट्या दिराने हे सासऱ्यांच्या कानात सांगितलं. कानात म्हणजे आपलं नावापुरतं. मागच्या ओट्यावर भांडी घासणाऱ्या नव्या सुनेला शब्द न् शब्द ऐकू आला. तिने तवा जरा जास्तच जोरात घासला.

त्या गावात फरी-गदग्याचा खेळ चाले. डाव्या हातात चामड्याची छोटी ढाल, उजव्या हातात चामडं मढवलेली काठी. ज्याला फटका बसेल त्याने स्वतःच 'लागला' म्हणायचं, अशी रीत होती. आणखी एक रीत होती. गावात लग्न होऊन आलेल्या सुनेने पहिल्या जत्रेला गेल्या वर्षीच्या सुनेशी एक डाव खेळायचा, म्हणजे कोण आलंय ते गावाला कळतं. त्यामुळे सुनेला उतरवल्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

सुनेने माहेरी काठी धरली होती ती फक्त बोरं पाडायला. पण सासरी अंगणात शिकता शिकता तिला खेळाची गोडी लागली. दिवसभराच्या कामानंतर ती संध्याकाळची वाट पाहू लागली.

त्या अंगणात एक गंमत होती. घरचे पुरुष रोज एकमेकांशी खेळत, पण 'लागला' असं कुणीच म्हणत नसे. दीर म्हणायचा, "सदऱ्याला लागला, अंगाला नाही." सासरे म्हणायचे, "तो मी मुद्दाम घेतला." नवरा नुसता खोकायचा. फटका कुणालाच बसत नसे, डब्यातली हळद मात्र भराभर संपायची.

सून प्रत्येक फटक्याला 'लागला' म्हणायची आणि तो कुठून आला ते बघून ढाल सरकवायची. हळूहळू तिला बसणारे फटके कमी झाले. हे तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

जत्रेच्या सकाळी सासरे म्हणाले, "सूनबाई, या घराला नाव आहे. जिंकलीस तर रोज आमच्यात खेळ. हरलीस तर काठी खुंटीला, ती कायमची. कबूल?"

"हो, मामंजी," ती म्हणाली. त्या घरात ती साधारण एवढंच बोलत असे.

रिंगणात समोर गेल्या वर्षी आलेली लोहाराची सून उभी होती, दंड घणासारखे. आधी तीन फटके मारील तिचा डाव. पहिला फटका आला तेव्हा सुनेने घाबरून डोळेच मिटले. दुसरा आला तेव्हा डोळे उघडे होते, पण पाय हलले नाहीत. "लागला," ती दोन्ही वेळा म्हणाली. मग मात्र तिचे पाय सुटले. तिने एक फटका मारला, पाठोपाठ आणखी एक. दोन-दोन! बसलेले लोक उभे राहिले.

दोघी एकदम झेपावल्या. धुरळा उडाला, हलगी कडाडली. सुनेची काठी समोरच्या ढालीवर आपटली आणि त्याच क्षणी तिच्या डाव्या खांद्याला चामडं ओझरतं चाटून गेलं.

"लागला का कुणाला?" पंचांनी विचारलं.

लोहाराच्या सुनेलाही नक्की कळलं नव्हतं. पुढच्या रांगेतला दीर जोरजोरात मान हलवून 'नाही, नाही' म्हणत होता. सासरे एकदम आभाळ बघू लागले होते.

सुनेच्या डोळ्यांपुढे संध्याकाळचं अंगण आलं, तिच्यावाचून खेळणारं.

"लागला," ती म्हणाली.

ती हरली. लोहाराच्या सुनेने तिला मिठी मारली. "काय गं बाई तू! घाम काढलास माझा."

सगळे घरी परतले. उंबऱ्याच्या आत पाऊल पडताच दीर उसळला, "अहो वहिनी, कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं!"

सुनेने काठी स्वतःच खुंटीला लावली.

"कुठे बसला म्हणतेस?" सासऱ्यांनी विचारलं.

"डाव्या खांद्यावर."

सासऱ्यांचा हात नकळत आपल्याच डाव्या खांद्यावर गेला. दिराचा हात आधीच तिथे होता, तो त्याने हळूच काढून घेतला. सासऱ्यांनी ते पाहिलं. थोरल्या लेकाकडे, सुनेच्या नवऱ्याकडे पाहिलं, तर तोही डावा खांदा चोळत होता.

म्हातारा खुंटीपाशी गेला. त्याने काठी काढली आणि सुनेच्या हातात दिली. "शर्त राहू दे बाजूला. हा फटका थांबवायचा कसा, ते सांग."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सून सगळ्यांदेखत मोकळेपणाने बोलली, "मामंजी, झेप घेतली की आपली ढाल खाली येते. आपल्या सगळ्यांचीच. मी तुमच्याकडे बघूनच शिकले ना! तुम्ही ढाल धरा आणि झेप घ्या, मी मारते. आणि भावजी, लपू नका, पुढची पाळी तुमची."

तात्पर्य काय, तर बसलेला फटका लपवला की पुढचाही तिथेच बसतो.