डुमकीचं अळू आणि सात हंडे पाणी

एक होती बेडकी. नाव तिचं डुमकी. डबकं आटलं, म्हणून ती नव्या घरी आली. बरोबर काय आणलं? अळूचं रोप. पानं किती? पाच! त्यांच्याच सावलीत ती बसायची.

नव्या घरात होता नळ. डुमकीने तो सोडला. धो धो धो! आणि बंद? छे! डबक्याला कुठे नळ असतो? बापडीला काय ठाऊक!

दारातला मीटर फिरला, गरगर गरगर. किती पाणी गेलं, ते तो मोजतो ना! मैनेने बिल आणलं. डुमकीने वाचलं? अहं! त्याची केली होडी. बुडुक! होडी बुडाली.

मग एक दिवस नळ म्हणाला, खर्रर्र! पाणी बंद! अळू सुकलं. टप! एक पान गळलं.

डुमकी गेली नळाकडे, टुण टुण टुण.
"नळा नळा, पाणी दे.
पाणी येईल, अळू जगेल.
चुकलं हो माझं!"
"देईन की! पण खेकड्याने चावी बंद केलीय. आधी त्याला ती फिरवू दे."

टप! दुसरं पान गळलं.
डुमकी गेली खेकड्याकडे, टुण टुण टुण.
"खेकडेदादा, चावी फिरव.
चावी फिरेल, पाणी येईल,
पाणी येईल, अळू जगेल.
चुकलं हो माझं!"
"फिरवीन की! पण आधी बिल दाखव."

अगं बाई! बिल तर बुडालं. टप! तिसरं पान गळलं.
डुमकी गेली मैनेकडे, टुण टुण टुण.
"मैनाताई, बिल लिही.
बिल येईल, चावी फिरेल,
चावी फिरेल, पाणी येईल,
पाणी येईल, अळू जगेल.
चुकलं हो माझं!"
"लिहीन की! पण आधी मीटरचा आकडा आण. आणि वेडाबाई, मागच्या बिलात मी लिहिलं होतं, 'नळ उघडा आहे, बघ!'"

टप! चौथं पान गळलं.
डुमकी गेली मीटरकडे, टुण टुण टुण.
"मीटरबाबा, आकडा सांग.
आकडा येईल, बिल येईल,
बिल येईल, चावी फिरेल,
चावी फिरेल, पाणी येईल,
पाणी येईल, अळू जगेल.
चुकलं हो माझं!"
"सांगीन की! पण आधी माझी काच पूस. चिखलाच्या पायांनी तूच नाचलीस ना वर?"

पुसणार कशाने? पाणी कुठाय? डुमकीला रडूच आलं. मुळूमुळू, मुळूमुळू. आसवं पडली काचेवर. तिने हाताने पुसली काच. फस् फस् फस्!

आकडा दिसला. "आधी होते दोन हंडे," मीटर म्हणाला, "आता झाले नऊ. मधले सात कुठे गेले?"
"वाहून गेले, बाबा. मीच घालवले."

आकडा आला, बिल आलं.
बिल आलं, चावी फिरली.
चावी फिरली, पाणी आलं.
पाणी आलं, अळू जगलं!

डुमकीने नळ केला बंद. किर्र, टक्!

पण गळलेली पानं परत येतात का? नाही हो. उरलं एकच. त्याच्याखाली डुमकी बसते, अर्धी सावलीत, अर्धी उन्हात. रोज सकाळी मीटर बघते, आणि मगच नळ सोडते.

डुमकीचा नळ बंद, माझी गोष्ट बंद. आपला नळ बघून या बरं!