बत्तीस जीबीचा हट्ट

“...मग लॅपटॉपला सोळा जीबी मेमरी पुरेल, सर, की बत्तीसच घेऊ?”

इनामदार सरांचं लक्ष चहात होतं. ते बशीत चहा ओतत होते.

सुकुमारनं पुन्हा विचारलं. घाई त्याला होती, सरांना कुठली? कॉलेजातून निवृत्त झाल्यावर ते मिरजेत घरीच पोरांना लिस्प शिकवायचे. फी कुणी दिली तर दिली. लिस्प म्हणजे कॉम्प्युटरची ती जुनी भाषा, कंसात कंस आणि त्यात आणखी कंस. भलेभले पळून गेले, सुकुमार मगदूम तेवढा टिकला. टिकला, आणि तीच हवा डोक्यात गेली.

“पैसे कुणाचे?” सरांनी विचारलं.

“आक्काला भिशी लागलीय.”

“तिला कशाला हवी होती?”

“मोटरवाल्या शिलाई मशिनला...” सुकुमारनं मान खाली घातली. “ती म्हणाली, आधी तुझा लॅपटॉप, माझं पुढं बघू. आज संध्याकाळी दुकानात जायचंय.”

“आणि एवढा मोठा कशाला?”

“तुमच्या या डबड्यावर माझा प्रोग्राम चालत नाही म्हणून!”

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. सर मात्र हसले. डबडं ते डबडंच होतं, बंद पडलेल्या सायबर कॅफेतून भंगाराच्या भावात आणलेलं.

“चालव बघू.”

प्रोग्राम मिरजेच्या गल्लीबोळांतून वाट शोधायचा, स्टेशनपासून मार्केटपर्यंत. सुकुमारनं तो चालू केला. सरांचा एक घोट होतोय न होतोय तोच पडद्यावर अक्षरं आली: मेमरी संपली.

“बघा! मी म्हणत नव्हतो?”

सरांनी आत हाक मारली. “शमा, तुझा लॅपटॉप आण गं जरा.”

सरांची मुलगी पुण्यात कंपनीत होती, सुट्टीला आलेली. तिच्या लॅपटॉपला चौसष्ट जीबी. सुकुमारचे डोळे चमकले. आता दाखवतोच म्हणाला मनात.

प्रोग्राम सुरू झाला. आतला पंखा घरघरायला लागला... चहा संपला. शमानं खारी आणून ठेवली, तीही संपली. सर डोळे मिटून बसले होते...

मेमरी संपली.

सुकुमारचं तोंड एवढंसं झालं. आता याहून मोठा आणायचा कुठून? आक्काच्या दहा भिश्या लागल्या तरी भागायचं नाही.

“सर, हापण पुरत नाही?”

“स्टेशनवरून निघालास. पहिल्या चौकातून कुठं गेलास?”

“डावीकडं.”

“मग?”

“पुढच्या बोळातून... वळून...” सुकुमारचं बोट टेबलावर फिरत होतं. फिरत फिरत ते थांबलं. “परत त्याच चौकात.”

“मग?”

“मग... डावीकडं.”

अरे देवा! हा चौक होऊन गेलाय, हे प्रोग्रामला कुणी सांगितलंच नव्हतं. बिचारा गोल गोल हिंडत होता, वर प्रत्येक फेरी लक्षात ठेवत होता. सगळ्या दुनियेची मेमरी ओतली असती तरी तो मार्केटला पोचला नसता.

सुकुमारनं दोन ओळी घातल्या. डबड्यावरच चालवून बघितलं. बोट उचलायच्या आत वाट समोर.

सुकुमारनं डबड्याकडं बघितलं.

“सर, असलाच एखादा जुना मिळेल?”

“कॅफेवाल्याकडं पडलेत. मी सांगतो त्याला.”

“म्हणजे आक्काचं मशिन आजच...”

पायमशिन मारून मारून आक्काचे गुडघे गेले होते, रोज तेल चोळत बसायची. आणि ही बया म्हणे आधी तुझा लॅपटॉप! आपण केवढं पाप करता करता वाचलो, असं त्याला झालं. तो उठला आणि सरांच्या पायाशी वाकला.

“तुमचे आभार कसे मानू, सर? तुम्ही नसता तर...”

सरांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. मग डबड्यावर हात ठेवला.

“माझे कसले, बेटा? हा लवकर दमला, म्हणून चूक दिसली. आभार याचे मान.”